लाइमची रक्ततपासणी: आमच्या घरातले चार रिपोर्ट

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये राहत असाल, घरामागे झाडी असेल आणि त्या झाडीतून हरणं अंगणापर्यंत येत असतील, तर लाइमच्या, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या आजाराच्या, तपासणीशी आज ना उद्या गाठ पडतेच. आमची वर्षभरात चार वेळा पडली. एकदा माझी, दोनदा नवऱ्याची आणि एकदा न्यू जर्सीतल्या धाकट्या जावेची. तिचे आकडे वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी हिशेब तपासणीचं काम करते आणि घरात कागदावर आकडे दिसले की ते माझ्यापुढे सरकवायची पद्धत आहे. लॅबची नावं लिहीत नाही. एक गल्लोगल्ली शाखा असलेली मोठी कंपनी आहे, दुसरी टपालाने डबा पाठवणारी. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आधी माझं.

गेल्या वर्षी जूनमध्ये कुंपणाकडेचं तण उपटत दोन दिवस बसले होते. आठवड्याभराने उजव्या गुडघ्यामागे खाज नाही, दुखणं नाही, नुसताच लाल चट्टा. स्वतःला दिसतही नव्हता, नवऱ्याने दाखवला. गोचीड मी पाहिलीच नाही, आणि त्यात नवल नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला चावतात त्या काळ्या पायांच्या गोचिडीच्या पिलावळी, खसखशीच्या दाण्याएवढ्या. गुडघ्यामागे खसखशीचा दाणा कोण शोधतं?

शनिवार होता, म्हणून आमच्या डॉक्टरांऐवजी जवळच्या अर्जंट केअरमध्ये, म्हणजे वेळ न घेता जाता येतं अशा दवाखान्यात, गेले. तिथल्या तरुण मुलाने चट्टा पाहिला, म्हणाला, कोळी चावला असेल किंवा लाइम असेल, आपण रक्त तपासू आणि मग ठरवू. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. उगाच औषध कशाला, पुरावा येऊ दे. मी स्वतः रोज लोकांना हेच सांगते, आधी पावती दाखवा.

लॅबच्या शाखेबद्दल माझी तक्रार शून्य आहे, हे आधी लिहून टाकते. सकाळी सव्वासातची वेळ घेतली होती. रक्त द्यायचं म्हणजे उपाशी जायचं हे डोक्यात पक्कं, त्यामुळे चहासुद्धा न घेता गेले. या तपासणीला उपाशी राहायची काही गरज नसते, हे तिथे कळलं. माझी शीर कधीच पटकन सापडत नाही, दोन-तीनदा टोचून घ्यायची सवय आहे. पण त्या बाईंनी दंडाला रबरी पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत बोटाने चाचपलं, मान दुसरीकडे वळवून पुन्हा चाचपलं, जणू डोळ्यांपेक्षा बोटावर त्यांचा जास्त विश्वास होता, आणि एका झटक्यात काम झालं. सोनेरी बुचाची एकच नळी. भरल्यावर त्यांनी ती खळखळ न हलवता अलगद पाच वेळा उलटी-सुलटी केली. विचारलं तर म्हणाल्या, आत जेल आहे. रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, मग यंत्रात फिरवायचं. गाठ खाली बसते, मध्ये जेलचा थर, वर पिवळसर पाणी. तपासणी त्या पाण्याची.

निघताना त्यांनी एक कागद हातात दिला. मेरीलँडमध्ये २०१६ सालच्या कायद्यानुसार लाइमसाठी रक्त घेताना रुग्णाला लेखी सूचना द्यावी लागते. सूचनेचा मथितार्थ असा की या तपासणीत खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, खोटं पॉझिटिव्हही येऊ शकतं, फार लवकर केली तर शरीराने पुरेशा अँटीबॉडी तयार केलेल्या नसतात, आणि निगेटिव्ह आलं म्हणजे लाइम नाहीच असं धरू नका. इतकं स्वच्छ लिहिलेलं सरकारी वाक्य मी क्वचित पाहिलंय. ते न वाचता मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये किराणा सामानाच्या पावत्यांबरोबर टाकून दिली.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. अॅपवर हिरवी खूण. आकडा ०.६२, शेजारी लिहिलेलं ‘निगेटिव्ह’. त्या किटच्या मोजपट्टीवर ०.९० पर्यंत निगेटिव्ह, १.१० च्या पुढे पॉझिटिव्ह, मधलं सगळं संदिग्ध. मी नवऱ्याला म्हटलं, सुटलो, कोळीच होता. आणि फोन बंद केला.

इथे माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. त्याच पानावर खाली, अंगठ्याने दोनदा वर सरकवल्यावर, करड्या बारीक अक्षरात एक ओळ होती. आजाराच्या सुरुवातीच्या काळात निकाल निगेटिव्ह येऊ शकतो, संशय कायम असल्यास काही आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यावा. हिरवी खूण वर ठळक, आणि त्या खुणेवर विश्वास ठेवायचा की नाही हे तळाला. ताळेबंदात असं कुणी केलं, नफा पहिल्या पानावर आणि ‘हा नफा खरा नसण्याची शक्यता आहे’ ही टीप मागच्या पानावर, तर मी सही करणार नाही.

पुढच्या पाच दिवसांत चट्टा हाताच्या पंजाएवढा झाला. मोजपट्टी लावली तर अकरा सेंटीमीटर. मध्ये फिकट, कडेला लाल. अंगात कणकण, मान अवघडलेली, उन्हाळ्यात गोधडी घेऊन बसले होते. सोमवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला. त्यांचा दहा मिनिटांत उलट फोन आला. या भागात इतक्या वर्षांत त्यांनी असे चट्टे शेकड्यांनी पाहिले असतील. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “हे तपासायला पाठवलं कुणी?”

मग त्यांनी जे सांगितलं ते कुणीतरी त्या हिरव्या खुणेच्या जागी लिहायला हवं. पाच सेंटीमीटरपेक्षा मोठा, पसरत जाणारा असा चट्टा, राहणं लाइमच्या भागात आणि उन्हाळ्याचे दिवस, एवढं असेल तर निदान तिथेच झालं. रक्त काढायचंच नसतं. कारण चट्टा चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठतो, बहुतेक वेळा आठवड्याच्या आसपास, आणि रक्तात मोजण्याइतक्या अँटीबॉडी यायला त्याहून जास्त वेळ लागतो. चट्टा नुकताच उठलेल्या शंभर जणांचं रक्त तपासलं तर पॉझिटिव्ह येतात साधारण तीस-चाळीस. म्हणजे लाइम नक्की असलेल्या माणसालाही ही तपासणी त्या दिवसांत बहुधा ‘नाही’च सांगते. नाणं उडवलं असतं तर जास्त बरं उत्तर मिळालं असतं, हे माझं वाक्य, डॉक्टरांचं नाही.

दहा दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलं. तिसऱ्या दिवशी मान सैल झाली, चट्टा दोन आठवड्यांत पुसला गेला. मी विचारलं, आता पुन्हा रक्त देऊ का, म्हणजे खात्री होईल? त्या म्हणाल्या, इतक्या लवकर औषध मिळालं की अँटीबॉडी कधी कधी वर येतच नाहीत. पुन्हा निगेटिव्ह आलं तर त्यातून काय कळणार? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीला पुरावा समजत होते. ही तपासणी जंतू शोधतच नाही.

बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा स्क्रूसारखा पिळदार जंतू रक्तात फार थोडा आणि फार थोडे दिवस असतो. तो सांध्यांत, नसांत, कातडीत शिरून बसतो. म्हणून रक्तातल्या जंतूची पीसीआर, म्हणजे त्याचा डीएनए शोधणारी, तपासणी बहुतेकांना उपयोगी पडत नाही, आणि जंतू वाढवून पाहणं इतकं किचकट की नेहमीच्या लॅबमध्ये कुणी करत नाही. उरतं काय, तर शरीराने त्या जंतूला दिलेलं उत्तर मोजणं. चोर दिसला नाही, शेजारी ओरडले का तेवढं विचारायचं. शेजारी उशिरा जागे होतात, आणि एकदा जागे झाले की वर्षानुवर्षं गप्प बसत नाहीत. आमचे पुढचे तिन्ही रिपोर्ट या एका गोष्टीवर फिरतात.

ऑक्टोबरमध्ये नवऱ्याचा डावा गुडघा सुजला. फुटबॉलएवढा म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण पँट चढेना इतका. गंमत म्हणजे दुखत फार नव्हता. सूज आणि दुखणं यांचा ताळमेळ नव्हता. चट्टा त्याला कधी दिसला नाही, ताप आल्याचं आठवत नाही. तो म्हणाला, वय झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मात्र तपासायचं.

तीच लॅब, तीच शाखा, तेच सोनेरी बूच, आणि यावेळी तपासणीने इतकं चोख काम केलं की मला तिच्याबद्दल वाईट लिहिल्याची जरा लाज वाटली. ही तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिल्या पायरीचा आकडा, माझा ०.६२ आला होता तोच, मोजपट्टीच्या पार वर. पहिली पायरी पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली की लॅब स्वतःहून त्याच नमुन्यावर दुसरी पायरी करते. रिफ्लेक्स म्हणतात त्याला, पुन्हा रक्त द्यावं लागत नाही. त्याच्या बाबतीत दुसरी पायरी म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. जंतूची प्रथिनं वजनाप्रमाणे एका पट्टीवर पसरवून ठेवलेली असतात. त्यावर रुग्णाचं ते पिवळं पाणी सोडायचं आणि कुठल्या प्रथिनाला अँटीबॉडी चिकटल्या ते पाहायचं. जिथे चिकटल्या तिथे रेघ उमटते.

हा कागद मला मनापासून आवडला. प्रथिनांच्या वजनाचे दहा आकडे एकाखाली एक: १८, २३, २८, ३०, ३९, ४१, ४५, ५८, ६६, ९३. प्रत्येकासमोर ‘रेघ आहे’ किंवा ‘रेघ नाही’. आयजीजीच्या, म्हणजे उशिरा येणाऱ्या पण टिकणाऱ्या अँटीबॉडींच्या, या दहांपैकी पाच रेघा उमटल्या तर पॉझिटिव्ह. आयजीएमचा, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या अँटीबॉडींचा, हिशेब वेगळा, तिथे २३, ३९ आणि ४१ या तिघांपैकी दोन पुरतात, पण तो आजाराच्या पहिल्या चार आठवड्यांपुरताच धरायचा. हे नियम १९९४ साली मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला भरलेल्या बैठकीत ठरले आणि अजून चालतात. नवऱ्याच्या आयजीजीत दहांपैकी आठ रेघा. फक्त २८ आणि ३० कोऱ्या. म्हणजे शरीर कित्येक महिने ओरडत होतं आणि आम्ही वयाला दोष देत होतो. गुडघ्याच्या लाइममध्ये रक्ताची ही तपासणी जवळजवळ कधीच चुकत नाही, कारण तिथवर पोहोचेपर्यंत अँटीबॉडींना भरपूर वेळ मिळालेला असतो.

सांध्यातलं पाणीही काढलं. मोठ्या सिरिंजमध्ये ढगाळ पिवळं, पातळ. त्याची पीसीआर पॉझिटिव्ह आली. रक्तात सापडत नाही तो जंतू सांध्यात मात्र सापडू शकतो, म्हणून तिथे पीसीआरला अर्थ आहे. अठ्ठावीस दिवस गोळ्या, आणि गुडघा ख्रिसमसपर्यंत बराचसा उतरला.

या आजाराचा शोधही गुडघ्यांवरूनच लागला. १९७५ च्या सुमारास कनेटिकटमधल्या लाइम आणि आजूबाजूच्या गावांत मुलांचे सांधे सुजायला लागले. पॉली मरे नावाच्या एका आईने घरोघरीची नोंद ठेवून आरोग्य खात्याच्या मागे लकडा लावला, मग येल विद्यापीठातले अॅलन स्टीअर तपासाला आले. जंतू सापडायला पुढे काही वर्षं गेली. विली बर्गडॉर्फर यांना तो गोचिडीच्या पोटात दिसला आणि १९८२ मध्ये ते जाहीर झालं. वहीत नोंद ठेवणाऱ्या आईबद्दल मला साहजिकच जास्त आपुलकी आहे.

आता जाऊबाईंचा रिपोर्ट, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

ती दोन वर्षं थकलेली आहे. झोप होऊनही थकवा, सांधे दुखतात, डोकं जड. तिच्या डॉक्टरांनी लाइमची नेहमीची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा पहिल्याच पायरीला निगेटिव्ह. मग कुणीतरी तिला सांगितलं की नेहमीच्या लॅबना लाइम पकडता येत नाही, अमक्या खास लॅबचा डबा मागव. तिने मागवला. हजार डॉलरच्या पुढे, विमा एक पैसा देत नाही, पैसे आगाऊ. डबा देखणा होता, हे खरं. जाड पुठ्ठा, आत फोममध्ये बसवलेल्या नळ्या, रंगीत माहितीपत्रक, परतीचं कुरिअर लेबल आधीच चिकटवलेलं. रक्त काढून घ्यायला मात्र तिला स्वतः कुणीतरी शोधावं लागलं. तीन ठिकाणी नकार मिळाला, कारण दुसऱ्याच्या डब्यात रक्त भरून द्यायला कुणी सहज तयार होत नाही.

तीन आठवड्यांनी अकरा पानी रिपोर्ट आला. पहिल्या पानावर लाल अक्षरात पॉझिटिव्ह. ती फोनवर रडली, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. दोन वर्षांनी कुणीतरी म्हटलं होतं की तुला काहीतरी झालंय. ते मला ऐकू आलं, आणि म्हणून पुढचं सांगायला मी चार दिवस घेतले.

मी तिची अकरा पानं आणि नवऱ्याचा एक कागद शेजारी शेजारी ठेवून बसले. जाऊबाईंच्या आयजीजीत दहांपैकी एकच रेघ, ४१. आयजीएममध्ये ४१ ठळक, आणि २३ समोर अधिक-उणे चिन्ह, म्हणजे धड उमटलेली नाही, धड कोरीही नाही. पान चारवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या निकषाने निकाल निगेटिव्ह, आणि लॅबच्या स्वतःच्या निकषाने पॉझिटिव्ह. म्हणजे एकाच रक्ताचे दोन निकाल, आणि लाल अक्षरात कुठला छापायचा हे पैसे घेणाऱ्याने ठरवलेलं.

आता ही ४१ ची रेघ काय आहे ते बघा. ते जंतूला वळवळ करायला लावणाऱ्या तंतूंचं प्रथिन. पण तसे तंतू असलेले जंतू जगात ढिगाने आहेत, काही तर आपल्या तोंडात आणि आतड्यात मुक्कामाला असतात. त्यामुळे लाइमशी कधी संबंध न आलेल्या धडधाकट माणसांच्या रक्तातही ४१ पुष्कळदा उमटते. नुसत्या ४१ वरून लाइम म्हणणं म्हणजे आडनाव सारखं दिसलं म्हणून कर्ज वसूल करायला जाणं. आणि दोन वर्षं जुन्या तक्रारीत आयजीएम बघायचंच कशाला? ते पहिल्या चार आठवड्यांचं माप. खरंच दोन वर्षं लाइम असता तर आयजीजीत नवऱ्यासारखी रेघांची शिडी उभी राहिली असती. सिफिलिस, ग्रंथीज्वर आणि संधिवाताचे काही प्रकारही या तपासणीला चकवतात, ते वेगळंच.

तिच्या समाधानासाठी मी एक हिशेब करून पाठवला. समजा लाइमचा फारसा संशय नसलेली हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या दहांना खरंच लाइम आहे. समजा तपासणी इतकी चांगली आहे की निरोगी शंभरांपैकी दोघांनाच चुकून पॉझिटिव्ह म्हणते. तर ९९० निरोगींमधून वीसेक खोटे पॉझिटिव्ह निघतील, आणि खरे जास्तीत जास्त दहा. लाल अक्षरं मिळालेल्या तिसांतले वीस जण नसलेल्या आजाराची औषधं घेणार. ही चांगल्या तपासणीची गत. निकष सैल केले की वीसाचे साठ व्हायला वेळ लागत नाही.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००८ साली अमेरिकेतल्या सात मोठ्या लॅबनी मिळून सुमारे २४ लाख नमुन्यांवर लाइमच्या ३४ लाख चाचण्या केल्या. खर्चाचा अंदाज ४९ कोटी २० लाख डॉलर. त्या नमुन्यांतल्या किती जणांना खरा संसर्ग असावा याचा अभ्यासकांनी काढलेला अंदाज शंभरात बारा. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींतले बरेच जण जाऊबाईंसारखेच असणार, कशाने तरी त्रासलेले आणि उत्तर शोधणारे.

खास लॅबवाले एक वाक्य हमखास पुढे करतात, आमच्याकडे क्लिया प्रमाणपत्र आहे. असतं, खोटं नाही. पण ते प्रमाणपत्र लॅबच्या कारभाराचं, यंत्रं, माणसं, नोंदी नीट आहेत याचं. एखादी चाचणी रोग्याला रोगी आणि निरोग्याला निरोगी म्हणते का, याची ती ग्वाही नव्हे. तुम्ही चाचणी करून घेणार असाल तर विचारायचं ते हे, की ही एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, मान्य केलेली आहे का. लघवीतून लाइम शोधणं, सीडी-५७ पेशी मोजणं, सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत रक्त दाखवणं, हे विकणारे पुष्कळ आहेत. अशा न पारखलेल्या चाचण्या वापरू नका, असं सीडीसी म्हणते. डब्याला माझ्याकडून पाचापैकी एक तारा, तोही कुरिअर लेबलाला.

जाऊबाईंचं काय झालं विचाराल, तर अजून शोध चालूच आहे. सध्या झोपेची तपासणी झालीय, थायरॉईडच्या गोळीचा डोस बदललाय. ती माझ्यावर महिनाभर रागावली होती. हल्ली बोलते.

चौथा रिपोर्ट म्हणजे आमच्या घरातला शुद्ध वेडेपणा. गुडघा बरा झाल्यावर मार्चमध्ये नवऱ्याच्या मनात आलं की जंतू गेला याची पावती हवी. डॉक्टरीणबाईंनी साफ नाही म्हटलं. अँटीबॉडी औषधाने जात नाहीत. दहा-वीस वर्षांनंतरही कित्येकांच्या रक्तात त्या सापडतात, आणि त्या आहेत याचा अर्थ आजार आहे असा होत नाही. पण हल्ली लॅबच्या संकेतस्थळावर डॉक्टरशिवाय स्वतःच तपासणी विकत घेता येते, कार्ड घातलं की झालं. त्याने मला न सांगता घेतली. पॉझिटिव्ह, अर्थातच. आठ रेघांच्या सात झालेल्या. एक रेघ कमी झाली म्हणजे सुधारणा आहे का, यावर त्याने दोन रात्री जागून वाचन केलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवून गुडघा वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला आणि म्हणाल्या, “तुझा रिपोर्ट हा आहे.” लॅबला यात दोष देणार नाही म्हणते खरी, पण लाइम होऊन गेलेल्या माणसाला हीच तपासणी विकत घेताना पडद्यावर एक प्रश्न विचारायला काय जातं? यापूर्वी लाइमवर औषध घेतलंय का? हो म्हटलं की सांगा, पैसे वाचवा.

नेहमीच्या लॅबकडून घेणार असाल तर एक गोष्ट जरूर विचारा. २०१९ च्या जुलैत एफडीएने नवी पद्धत मान्य केली. त्यात दुसऱ्या पायरीला वेस्टर्न ब्लॉटऐवजी पहिल्यासारखीच दुसरी एक चाचणी करतात. निकाल लवकर येतो, रेघा वाचणाऱ्या माणसाच्या नजरेवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि सुरुवातीच्या आजारात थोडे जास्त रुग्ण सापडतात. ‘थोडे’ हा शब्द मोजूनमापून लिहिलाय. चट्ट्याच्या पहिल्या आठवड्यात तीही माझ्या कामाची नव्हती. मला स्वतःला जुना रेघांचा कागद जास्त आवडतो, पण ती माझ्या धंद्याची खोड. जावेसारख्या माणसाच्या हातात तो कागद न पडलेलाच बरा.

शाखेतल्या त्या बाईंना पाचापैकी पाच. तपासणीला, योग्य वेळी केली तर साडेचार, चट्टा असताना केली तर काहीच नाही. अॅपच्या हिरव्या खुणेला शून्याखाली काही देता येत असेल तर ते.

या मे महिन्यात पोटरीवर गोचीड सापडली. यावेळी मी रोज संध्याकाळी अंग तपासते, म्हणून सापडली. अणकुचीदार चिमट्याने कातडीला लागून धरली आणि सरळ वर ओढली. चपटी होती, रक्त पिऊन फुगलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला. छत्तीस तासांहून जास्त चिकटून असती, तर काढल्यापासून बहात्तर तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनचा एकच डोस देता आला असता. चपटी आहे म्हणजे तितका वेळ झालेला नाही, नुसतं लक्ष ठेव म्हणाल्या. नवऱ्याला ती गोचीड झिपच्या पिशवीत घालून तपासायला पाठवायची होती. तशाही लॅब आहेत. गोचिडीत जंतू सापडला तरी तो माझ्यात उतरला की नाही ते कळत नाही, आणि निकाल येईपर्यंत डोस घ्यायची मुदत निघून जाते, हे सांगून पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. मी रक्त दिलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला एक टिंब आहे, आणि रोज रात्री नवरा मोबाइलचा उजेड पाडून पोटरीचा फोटो काढतो. आज एकविसावा दिवस. अजून नऊ उरलेत.